कापसाच्या मिशीचा सत्कार

दिवाळी झाली की आमच्या कुरखेड्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसभर बाजार, पाळणे, अन् मांडवात खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा. यंदा मंडळाच्या पोट्ट्यांना देशभक्ती आठवली. मंडळाचा निकेश आमच्या ओसरीवर येऊन म्हणतो, "गुणाबाई, लटारूभाऊचा सत्कार ठेवला जी. माजी सैनिक म्हणून."

"पन्नासावर वर्षं झाली लढाईले," मी म्हटलं. "तुमाले आत्ता खबर लागली काय? टपाल लय हळू चालते बाप्पा."

तो दात काढून हसला. दात चांगले आहेत पोराचे. डोक्याचं देवाला ठाऊक.

आमच्या बुढ्यानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकच विचारलं, "माइक देसान का?"

"देऊ ना जी. दोन शब्द बोला."

बुढ्याला दोनच शब्द पाहिजे होते. लालसू हलामी.

लालसू पळसटोल्याचा गोंड. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत राहिले, अन् एकाहत्तरच्या लढाईत लालसू बुढ्याच्या बाजूलाच पडला. बुढा एक कान तिकडे ठेवून परत आला. लालसूचं काहीच आलं नाही. मायबाप आधीच मेलेले, मागे एक लहान बहीण, बुधरी. मरणाचा कागद द्यायला सरकारला तिचं घर सापडलं नाही म्हणे. मत मागणाऱ्यांना बरोबर सापडते. मग लोकांनी आपल्या अकलेनं ठरवून टाकलं की लालसू फौजेतून पळाला, पंजाबात बायको करून बसला. बुधरीच्या लग्नात हेच बोलले, तिच्या नातीच्या लग्नातही हेच. बुढ्यानं कितीदा खरं सांगितलं. लोक मान हलवतात, तंबाखू मागतात, अन् पाठ वळली की म्हणतात, दोस्ताची बाजू घेऊन राह्यला.

बुधरी आता पार वाकली. पोळ्यानंतर काठी टेकत आमच्याकडे आली होती. म्हणाली, "दादा, मी मरायच्या पयले एकदा भोंग्यावर सांग. ओसरीवरचं कोणी आयकत नाई."

खोटं नाही. आमच्या भागात हरवलेली शेळीसुद्धा भोंग्यावर पुकारल्याशिवाय हरवत नाही.

बुढ्याला मागे लकवा मारून गेला, जीभ जड झाली. तरी रोज गोठ्यात उभा राहून घोटत होता, "लालसू हलामी, पळसटोला. लढाईत पडला. पळाला नाई." आमच्या बैलांना पाठ झालं असेल. माणसांचा भरवसा नाही.

मंडईच्या दिवशी मी त्याला धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली. बुधरी आली होती. तिच्या मागे अर्धा पळसटोला मांडवात बसलेला, चणे-फुटाणे खात. गंमत सुरू होती. सायकलचे पंक्चर काढणारा झिंगू त्यात म्हातारा सुभेदार झाला होता. भाड्याची वर्दी, छातीवर डब्याच्या पत्र्याची पदकं, अन् कापसाच्या पांढऱ्या मिशा. तो मंचावर छाती काढून उभा, तेवढ्यात खुशालभाऊची गाडी आली अन् गंमत थांबली.

हा खुशालभाऊ आमच्या भागातला पुढारी. त्याच्या बापाचं नाव शाळेच्या फाटकावर आहे. बाप कधी शाळेत गेला नव्हता, पण फाटकाला काय समजते! त्याला संध्याकाळपर्यंत आणखी मंडया उरकायच्या होत्या, म्हणून चढतानाच तो घड्याळ पाहून राह्यला होता.

निकेशनं पुकारलं, "आपल्या गावचे माजी सैनिक लटारूभाऊ, यांनी मंचावर यावं!"

बुढा उठला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझा खांदा. आम्ही पायरीपर्यंतही पोचलो नव्हतो, अन् खुशालभाऊनं समोर वर्दी पाहिली, पांढऱ्या मिशा पाहिल्या, अन् हार झिंगूच्या गळ्यात टाकला. शाल टाकली. नारळ दिला. सॅल्यूट ठोकला.

"पाहा," माइक धरून म्हणतो, "या वयात बी कसे ताठ उभे आहेत! आजच्या पोरांनी शिकावं!"

आजचा पोरगाच होता तो! तिशीचा घोडा! लोक गालातल्या गालात हसले, पण एकाचं तोंड उघडलं नाही. चूक दाखवली असती तर भाऊचा अपमान झाला असता. आमचा होते त्याला अपमान म्हणत नाहीत, त्याला कार्यक्रम म्हणतात. फोटो निघाले अन् गाडी धूळ उडवत गेली.

झिंगू हार काढून खाली आला. "बाई, मी काय करू? त्यानं डायरेक गळ्यातच टाकला! घ्या, भाऊच्या गळ्यात घाला."

"उष्टा हार कायले देतं रे? मिशी उपटून दाखवायची होती ना, मुडद्या!"

"गोंदानं चिपकवली जी. लय दुखते."

बुढ्याला हाराचं काही नव्हतं. त्यानं निकेशकडे हात केला. "माइक..."

"आता नाई जमत लटारूभाऊ. लोक बोंबलून राह्यले गंमतीसाठी. पुढच्या वर्षी पक्कं!"

पुढच्या वर्षी! बुधरीकडे बघून तरी बोलायचं. ती काठी शोधू लागली, घरी जायला. मागून पळसटोल्याचा कोलू, केस पिकले तरी जिभेला हाड नसलेला, बोललाच, "काय व बुधरे? आयकवून राह्यली होती ना भोंग्यावर? खरं असतं तं बोलले नसते काय?"

मी बुधरीचा पदर धरून तिला खाली बसवलं.

गंमत पुन्हा सुरू झाली. नाच्यानं एक गिरकी घेतली तशी कोणीतरी नोट धरली. नाच थांबला, ढोलकी थांबली, निकेशनं पुकारलं, "किराणावाले शेठ यांच्याकडून, त्यांच्या स्वर्गवासी आजोबाच्या नावानं!" मग शाहीर दोन ओळी आजोबाच्या गायला. बक्षीस आलं की थांबावंच लागते, नाही थांबले तर शाहीरच ढोलकी खाली ठेवते. त्याचं पोट आहे त्यावर.

मी कमरेची पिशवी सोडली.

बुढ्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा उतरला. "पयसे देऊन? लालसूचं नाव?"

"मंग? खुशालचं नाव कोणी फुकट घेते काय?"

गेली मी समोर. नोट दिली, काय म्हणायचं ते सांगितलं. निकेशनं नाक वर करून पुकारलं, "गुणाबाईकडून, एका वीर जवानाच्या नावानं!"

"काऊन रे?" मी तिथूनच ओरडली. "त्या जवानाले नाव नोहोतं काय? मायबापानं ठेवलं होतं! घे दुसरी. आता बरोबर म्हण."

"बाई, लोक कंटाळून राह्यले..."

शाहिरानं ढोलकीवरचा हात उचलला. "म्हण ना रे," तो म्हणाला, "बक्षीस हाये."

निकेश माइकजवळ गेला. "गुणाबाईकडून, लालसू हलामी, पळसटोला, यांच्या नावानं. एकाहत्तरच्या लढाईत पडला." मग माइकवर हात ठेवून मला विचारतो, "पळाला नाई, हे बी म्हणू?"

"तेच म्हण. बाकीचं राह्यलं तरी चालते."

"पळाला नाही!" भोंगा म्हणाला.

पाळण्यापर्यंत गेला आवाज. कोलूचा फुटाणे धरलेला हात तोंडाशीच राहिला. बुढा काठीवर उभा झाला अन् जड जिभेनं म्हणाला, "होय! माह्या बाजूले!" आजूबाजूच्या चार माणसांनाच ऐकू आलं असेल. पण त्यांनी माना खाली घातल्या, तंबाखू नाही मागितला.

मग बुधरी उठली. पदराची गाठ सोडत, कोणाचा हात न धरता मंचापाशी गेली अन् चुरगळलेली नोट निकेशसमोर धरली. पोरगा आता शहाणा झाला होता. त्यानं माइकच तिच्या तोंडाशी वाकवला. "आजी, कोणाच्या नावानं?"

बुधरीनं माइक दोन्ही हातांनी धरला, बाजारात कोंबडी धरतात तसा, सुटून जाऊ नये म्हणून. "लालसू," ती म्हणाली. आपलाच आवाज मांडवाच्या चारी अंगानं आलेला ऐकून थांबली. मग अजून जोरात म्हणाली, "लालसू. माहा भाऊ."

मागून कोणीतरी शिट्टी मारली, गंमत सुरू करा म्हणून. मी वळून पाहिलं. दुसरी शिट्टी आली नाही.