शेवटी उघडलेला टॅब

मोबाईल वाजला तेव्हा हर्षाली चहाचा कप तोंडाला लावत होती. मेसेज वाचला आणि कप हातातून सुटलाच. ‘पिंपरी पेंढार येथील सोपान कुशाबा कुटे यांचे आकस्मिक निधन. अंत्यविधी आज दुपारी गावच्या स्मशानभूमीत.’

सोपान कुटे म्हणजे तिचे अण्णा, सख्खे वडील. जळालेल्या पाण्याच्या मोटारीची वायंडिंग भरून आणायला ते सकाळीच गाडीवरून ओतूरला गेले होते.

तिने अण्णांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, उचलला कोणीच नाही. पुन्हा लावला. मग तिची नजर मेसेजमधल्या फोटोवर गेली. फेटा बांधलेले, हसणारे अण्णा. हा फोटो तासाभरापूर्वी तिनेच कॉम्प्युटरवर चढवला होता.

हर्षाली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी गावातल्या घरूनच वेबसाइट तपासायचं काम करायची. ही साइट जुन्नर-आंबेगावच्या गावागावांत निधनवार्ता पोचवायची. एक वार्ता टाकली की हजारो मोबाईल एकदम वाजायचे. नवा फॉर्म नीट चालतो का, ते तपासायला तिने स्क्रिप्ट लिहिली होती. आपोआप टॅब उघडायचे, रकाने भरायचे, बटण दाबलं जायचं. हे सगळं चाचणीच्या साइटवर. तिथलं बाहेर कुणाला दिसत नाही. म्हणून तिने बिनधास्त घरातलंच नाव घातलं, घरातलाच फोटो लावला.

तिने लॅपटॉप ओढला. प्रत्येक टॅबला स्वतःची ओळख असते. स्क्रिप्टने ती धरून ठेवायची आणि त्याच टॅबमध्ये काम करायचं, अशी रीत. हर्षालीने कंटाळा केला होता. ‘शेवटी जो टॅब उघडला असेल त्यात जा,’ एवढंच लिहून ती मोकळी झाली होती. वर सारखं लॉगिन नको म्हणून स्क्रिप्ट आपल्या रोजच्याच ब्राउझरला जोडली होती; तिथे खऱ्या साइटचं लॉगिनही चालूच होतं. आणि स्क्रिप्ट चालू असताना, मजकूर कसा लिहितात ते बघायला, तिने स्वतःच्या हाताने खरी साइट नव्या टॅबात उघडली होती. स्क्रिप्टने सांगितलं तेच केलं. शेवटच्या टॅबात उडी मारली, अण्णांचं नाव भरलं आणि बटण दाबलं.

अण्णा जिवंत होते.

वार्ता काढून टाकत तिने पुण्याला समर्थला फोन लावला. तो तिचा वरिष्ठ.

“काढलीस ना? मग झालं,” तो म्हणाला. “सर्व्हरमध्ये बिघाड झाला असं टाकू. तुझं नाव नको.”

“समर्थ, बाहेर माणसं जमतायत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अंगणात भावकीतले धर्माजी उभे होते. खांद्यावर दोन हिरवे बांबू, डोळे लाल.

“पोरी, कुठं ठिवलंय त्याला? दवाखान्यात हाय का आजून?”

“काका, अण्णांना काही झालं नाही. चूक झाली. माझ्या हातून.”

धर्माजींना ते ऐकूच गेलं नाही जणू. “काल सांच्याला माझ्यासंगं पारावर बसला व्हता,” ते परत परत तेच म्हणत राहिले.

एवढ्यात गाडीचा आवाज आला. मागे मोटार बांधून अण्णा दारात शिरले. जमलेल्या बायकांचा हंबरडा मध्येच तुटला. धर्माजींच्या खांद्यावरचे बांबू खाली पडले.

“कोण गेलं?” अण्णांनी घाबरून विचारलं.

हर्षाली पुढे झाली. “अण्णा, तुम्ही.” आणि सगळ्यांसमोर तिने काय घडलं ते सांगितलं. अण्णा ओट्यावर टेकले. पाणी मागितलं. तांब्या हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

“प्रयागआक्काला कळलंय का?” त्यांनी हळूच विचारलं.

प्रयागबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मढ गावी दिलेली. आई लवकर गेल्यावर अण्णांना तिनेच वाढवलं होतं. हर्षालीने आत्याच्या सुनेला, वैजयंतीला फोन लावला.

“त्या कवाच निघाल्या जीपनं,” वैजयंती म्हणाली. “मोबाईल हितंच पडलाय. मेसेज वाचून दाखवला तवापासून एक शबुद बोलल्या न्हाईत. रडल्यासुदिक न्हाईत. मला लई भ्या वाटतंय गं.”

आता हातात काहीच उरलं नव्हतं. हर्षाली फाट्यावर धावली, पण जीप तोवर वळून गावात शिरली होती. ती धापा टाकत परत आली तेव्हा आत्या अंगणात उतरत होती. पायात चप्पल नाही, पदर खांद्यावरून ओघळलेला. माणसांनी वाट दिली. समोर ओट्यावर अण्णा बसलेले.

आत्या थांबली. पुढे आली. अण्णांच्या गालाला हात लावला, कानाची पाळी चाचपली. मग त्याच हाताने फाडकन त्यांच्या तोंडात मारली आणि मटकन खाली बसली.

“सोप्या, वाटंत मला तुझं तोंडच आठवंना रं,” ती म्हणाली. “किती आठवलं, डोळ्याम्होरं यीना. म्हनलं, असं कसं? म्या वाढवलेलं पोर.” आणि तिचा बांध फुटला. अण्णा तिच्या शेजारी उतरून बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

हर्षालीने खोलीत जाऊन खुलासा लिहिला. सर्व्हरचं नाव घेतलं नाही. ‘ही चूक माझी आहे,’ असं लिहून खाली स्वतःचं नाव घातलं, समर्थला न विचारता पाठवलं, आणि त्यालाही तसं कळवलं. पुढे काय होईल ते होवो.

ती बाहेर आली तर शेजारच्या कोंडाबाई दुखवट्याची पिठलं-भाकरी घेऊन दारात अवघडून उभ्या होत्या. आत घ्यावी की परत न्यावी, कुणालाच कळेना.

आत्याने पदराने तोंड पुसलं. “ती न्ये माघारी, बाई. माझा भाऊ जित्ता हाय.” मग हर्षालीकडे बघितलं. त्या नजरेत माया होती की राग, हर्षालीला उमगलं नाही. “हुबी काय राहिलीस? च्या टाक समद्यांना. आन सोप्याला आधी दे. मला बघू दे त्याला पिताना.”