परसों चालत होता

तीन वाजून वीस मिनिटं झाली आणि स्क्रीनवर पुन्हा तोच एरर आला: फिल्टर फेल्ड. केतकीने जुन्या प्रिंटरला एक सणसणीत चापट दिली.

"मार अजून," लक्ष्मणमामा म्हणाले. "मार खाऊन तू शिकली नाहीस, हा काय शिकतो."

नववीत शाळा सोडून ती पुण्याहून मामांच्या काचीगुड्याच्या टायपिंगच्या दुकानात आली होती. तिथला कॉम्प्युटर लिनक्स या मोफत सिस्टमवर चालायचा. नवा प्रिंटर जळाला, म्हणून कोपऱ्यातला जुना जोडला, तर तो ढिम्म, आणि गिऱ्हाइकांचे पंधरा अर्ज अडकले. चार वाजता चिक्कडपल्लीचा कॉम्प्युटरवाला अनिल येऊन लिनक्सच पुसून दुसरी सिस्टम टाकणार होता. "मी चालवते," केतकी सकाळी तोऱ्यात म्हणाली होती, "नाही चालला तर सोमवारी पुण्याला, शाळेत."

"शेवटचा कधी चालला हा?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"परसों चांगला चालत होता की."

परसों म्हणजे परवा. म्हणजे परवानंतरच्या अपडेटने घाण केली. सकाळपासून ती एकेक अपडेट मागे घेत बसली होती.

मामांचा फोन वाजला. "हौ अनिलभाई, बर्कतपुऱ्यात आलात? मग पोचलातच. या, या."

केतकी घाईने पुढचा अपडेट मागे घेऊ लागली.

"गुणी प्रिंटर होता गे," मामा फोन ठेवत म्हणाले. "परसों आपल्या कुलदीपच्या लग्नपत्रिकांवरचे सगळे पत्ते ह्यानेच छापले."

तिची बोटं थांबली. "कुलदीपदादाची पोरगी बालवाडीत जाते, मामा."

"तर?"

"मग परसों कसं?"

"परसोंच की. आज छापले का?"

तिची कानशिलं तापली. ह्या गावात मागचं सगळंच परसों, हे कुणी सांगितलंच नव्हतं. "तेव्हा हाच कॉम्प्युटर होता?"

"नै, तो जुना डबा होता. हा नंतरचा."

म्हणजे अपडेटचा काही गुन्हाच नव्हता. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम, जुन्या डब्याच्या काळचा, बत्तीस बिटचा. हा नंतरचा कॉम्प्युटर चौसष्ट बिटचा. ड्रायव्हरला लागणाऱ्या बत्तीस बिटच्या फाइली इथे कुणी कधी टाकल्याच नव्हत्या. तिने धडाधड कमांड मारली. डाउनलोड गोगलगायीसारखं सरकू लागलं. चाळीस टक्के. बाहेर स्कूटर थांबली.

अनिल बॅग खांद्याला अडकवून आत आला. "उठ बेटा, बसू दे."

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं म्हणून लोक माझा दिवस खातात."

"उठ गे," मामा म्हणाले.

ती खुर्चीला चिकटून राहिली. नव्वद. शंभर. तिने प्रिंटचं बटण दाबलं.

काहीच नाही. अनिलने खुर्चीच्या पाठीला हात घातला. तेवढ्यात प्रिंटर आतून खरखरला, कण्हला आणि त्याने कागद ओढला. अर्ज बाहेर आला, कडेला शाईचा काळा पट्टा घेऊन, पण अक्षर न् अक्षर वाचता येणारा.

मामांनी तो चष्म्याजवळ धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"अनिलभाई, च्या पिऊन जा," ते म्हणाले. "केतकी, तू उठू नको. अजून चौदा अर्ज आहेत."