ज्यानं उघडली त्यानं आधी बसायचं

रविवारी सकाळी माझी कंबर माझ्या आधी जागी होते. आठवडाभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बाबांच्या शेडमध्ये फरशीवर आडवं पडून त्यांच्या मशीनच्या पोटात हात घालायचा. नवरा म्हणायचा, "एक रविवार नाही गेलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?" त्याचं काय जातंय म्हणायला. त्याचे वडील त्याच्या भावाकडे आहेत.

मशीन म्हणजे गवत कापायची, वर बसून चालवायची, छोट्या ट्रॅक्टरसारखी. कधीकाळी लाल होती. बाबा तिला म्हातारी म्हणतात. दोघांचं वळण एकच. सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, सुरू झाल्यावर आवाज फार, आणि दुसऱ्याचं ऐकायचं म्हणून नाही.

आई गेल्यावर मी बाबांना आमच्याकडे चला म्हणून किती विनवलं असेल, सांगता येत नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. थोरल्याला हॉलमध्ये झोपवून एक खोली मी बाबांसाठी रिकामी करून ठेवली. पलंग घातला, पडदे शिवले. ते एकदा येऊन बघून गेले. खोलीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाले, "तुमची लिफ्ट दुसऱ्या मजल्याला झटका देते. कुणी बघतं की नाही तिच्याकडे?" आणि परत गेले.

शेवटी मी भांडले. तेव्हा त्यांनी निवाडा दिला. "ज्या दिवशी मला माझं गवत कापता येणार नाही, त्या दिवशी येतो. तोवर हा विषय काढायचा नाही."

"शब्द?"

"शब्द."

बाकी कसेही असोत, बाबा शब्दाला पक्के. त्यामुळे म्हातारी बंद पडली की मला आतून बरं वाटायचं, आणि तरीही पाना हातात घेऊन मीच तिच्याखाली शिरायची. बाबांचे हात आता थरथरतात. नट राहतो बाजूला, बोटंच सोलून निघतात. आणि त्यांचे हात थरथरतात म्हणून मी जिंकावं, हे काही माझ्या गळी उतरत नव्हतं. मला वाटायचं, हरले तर त्यांनी कबूल होऊन हरावं.

पण या खेपेला म्हातारीनं माझ्या नाकी नऊ आणले.

तक्रार सोमवारी फोनवर यायची. "बंद पडली. गेली थोडी, आणि खड्डा आला की गप्प." म्हणून पुढच्या रविवारी मी कार्बोरेटर सोडवला. पेट्रोलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासला. बसवला. मशीन चालू केली, पाती फिरवली, भिंतीपर्यंत जाऊन परत आले. खड्ड्यात घातली, चढावर घातली. अजिबात कुरकुर नाही. हात धुतले, बस पकडली. सोमवारी फोन. "बंद पडली."

मग प्लग बदलला. मग पेट्रोलची नळी आणि गाळणी. मग टाकी उतरवून आतला गाळ काढला. बॅटरीची टोकं घासली. सीट उचलून तिच्याखालचं बटणसुद्धा पुसून, तार तपासून परत बसवलं. दर वेळी मी बसले की म्हातारी सुतासारखी सरळ, आणि सोमवारी पुन्हा फोन.

"तुला घाबरते ती," बाबा म्हणायचे. "सुपरवायझर दिसली की सगळे कामाला लागतात." मला ते सुपरवायझर म्हणतात. लाँड्रीत मी कुणाची सुपरवायझर नाही, माझ्याच डोक्यावर दोन आहेत.

आता कुणी विचारेल, की बाई, बाबांना समोर बसवून का नाही बघितलंस? त्याचं कारण आमच्या घरचा नियम. बाबांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांच्याकडे रीत अशी, की ज्यानं लिफ्ट उघडली त्यानं आधी आत उभं राहून वरपर्यंत जाऊन यायचं, मगच लोकांना सोडायचं. ती रीत त्यांनी घरात आणली. लहानपणी माझी सायकल दुरुस्त झाली की हा एवढा मोठा माणूस आधी तिच्यावर बसून गल्लीच्या टोकाला जाऊन यायचा. गुडघे कानाला टेकायचे. गल्लीतली पोरं हसायची आणि मला धरणी दुभंगावी असं व्हायचं. तर त्या नियमानं म्हातारी मी उघडली, म्हणून आधी मी बसायचं. आणि मी उतरले की बाबा म्हणायचे, "ठीक आहे. आत्ता ऊन आहे, मी उद्या कापतो," किंवा "तुझी बस जाईल." मी दमलेली असायची. बस खरंच जायची असायची.

मधल्या एका बुधवारी मी मेकॅनिकला पाठवलं. चौकातला, ज्याला सगळे डॉक्टर म्हणतात तो. अंगानं चांगला भरलेला. त्यानं वर बसून, पाती न फिरवता मशीन सगळ्या गवतावरून फिरवून बघितली आणि मला फोन केला. "ताई, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या वडिलांना सांगा, क्लच जरा हळू सोडत जा." हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

टाकी काढली त्या रविवारचीच गोष्ट. मी मशीनचा पाती फिरवणारा पट्टा बदलायला खाली गेले होते. नवा पट्टा पुलीवर चढवत होते, तेवढ्यात बाबा जवळ येऊन उभे राहिले. हातात त्यांच्या पँटचा पट्टा.

"खिळा-हातोडी काढलीच आहेस तर यालाही एक भोक पाड."

"परवाच तर पाडलं होतं."

"चामडं सैल पडतं गं. जुनं झालं की ताणतं."

मी फळीवर पट्टा ठेवला आणि आधीच्या भोकाच्या पुढे अजून एक भोक पाडलं. वर म्हटलंसुद्धा, "म्हातारीला नवा पट्टा आणि तुम्हाला नुसतं भोक." बाबा हसले. मीही हसले. मशीनचा पट्टा किती सैल पडला ते मी बोटानं दाबून दाबून बघत होते, आणि बाबांच्या पट्ट्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी खरं मानून मोकळी झाले.

परवाच्या रविवारी गवत गुडघ्याला लागत होतं. मी बदलायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं. शेडच्या दारात मी पिशवी आपटली.

"आज माझ्यासमोर बसायचं."

"ऊन..."

"ऊन नाही, ढग आहेत. आणि बस गेली तर जाऊ दे. आज मी मशीन उघडलेलीच नाही, तेव्हा नियमबियम सांगू नका. बसा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टोपी घातली, चाक धरून पाय वर टाकला आणि बसले. बसायला त्यांना वेळ लागला, पण मी हात पुढे केला नाही. त्यांना आवडत नाही.

म्हातारी सुरू झाली. पाती फिरायला लागली. निघाली, पहिल्या उंचवट्यावर हिंदकळली आणि गप्प.

"बघ," बाबा म्हणाले.

"पुन्हा लावा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी मागून चालायला लागले. इंजिनचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून वाकले आणि तोल जाऊ नये म्हणून सीटच्या मागच्या कडेवर हात रेटला. तो उंचवटा आला, गेला. पुढचा खड्डा आला, गेला. म्हातारी चालतच राहिली. मला इतका आनंद झाला, की "डावीकडे घ्या!" म्हणून मी हात उचलून दाखवला.

गप्प.

मी तिथंच उभी राहिले. मग म्हटलं, "लावा परत." हात ठेवला. चालली. खड्डा आल्यावर हात उचलला. बंद.

सीटखाली ते बटण असतं. माणूस बसला की ते दाबलं जातं. माणूस उठला किंवा पडला की सुटतं आणि इंजिन बंद होतं, कुणाच्या अंगावर पाती जाऊ नयेत म्हणून. ते बटण मी माझ्या हातांनी पुसलं होतं. त्यात काही बिघाड नव्हता. सीट जरा हिंदकळली की वर कुणी बसलंय, हेच त्याला कळत नव्हतं.

मी मागून बाबांकडे बघितलं. दर रविवारी बघत होते, पण मशीनखालून. शर्टाच्या कॉलरमध्ये मान कुठं लागतच नव्हती. पट्ट्याचं उरलेलं टोक कंबरेला वळसा घालून मागच्या खिशापर्यंत आलं होतं, आणि त्यावर मी पाडलेली भोकं ओळीनं दिसत होती. मी दर रविवारी डबे भरून आणत होते. "ठेव फ्रिजमध्ये, खातो मी," म्हणायचे. रिकामे डबे धुऊन परत द्यायचे. आत होतं ते कुठं गेलं, हे मी कधी विचारलं नाही. मग संताप आला, त्यांचा आणि माझा. मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, की किती दिवस झाले नीट जेवला नाहीत?

नाही ओरडले. ते पाठमोरे होते, किल्लीवर हात ठेवून वाट बघत होते.

मार्ग सोपा होता. त्या बटणाच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या की काम झालं. मग सीटवर कुणी असो नसो, पाती फिरत राहतील. आणि बाबा कधी वरून खाली आले तरीही फिरत राहतील. दुसरा मार्गही सोपा होता. म्हणायचं, "बाबा, म्हातारी संपली." वर्षानुवर्षं ज्याची वाट बघत होते ते एका वाक्यावर आलं होतं. शब्दाचे पक्के, त्याच दिवशी पिशवी भरली असती. पण वाक्य खोटं होतं. म्हातारी ठणठणीत होती.

"काय झालं, सुपरवायझर?" मागे न बघता त्यांनी विचारलं.

"काही नाही. हळू चालवा. पहिल्या गिअरमध्येच. मी मागे आहे, आवाज ऐकते."

आणि मी सीटच्या मागच्या कडेवर दोन्ही तळहात ठेवले, अंगाचा भार टाकला आणि चालायला लागले. मनात एवढंच, की ते कलंडले तर हात उचलायचा, पाती थांबतील. भिंतीपर्यंत, वळून परत, पुन्हा भिंतीपर्यंत. कापलेलं गवत घोट्यांना चिकटत होतं. धुरानं डोळे चुरचुरत होते. कंबरेबद्दल तर बोलायची सोय उरली नव्हती. आयुष्यात मी इतकी कधी दमले नसेन. बाबा मात्र ताठ बसले होते, चाक दोन्ही हातांनी धरून. कडेच्या दगडांजवळ अगदी बोटभर अंतर ठेवून वळवत होते. आईच्या गुलाबाभोवती त्यांनी एवढा सुरेख गोल घेतला, की मी भार टाकायचं विसरता विसरता राहिले. बस गेली. त्यानंतरचीही गेली. आम्ही गवताचा शेवटचा पट्टासुद्धा सोडला नाही.

शेडच्या दारात बाबांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. सगळं गवत एकसारखं झालं होतं.

"हात काढ आता," ते म्हणाले. "दुखला असेल."

मी तळहात सीटवरून उचलले.

"लिफ्टमध्ये उलटं असतं," बाबा म्हणाले. "माणसं जास्त झाली की दार लागत नाही. तारा जोडून नियम मोडणारे मी पुष्कळ बघितले. आपण नाही कधी जोडल्या."

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्याच दिवशी."

"मग मी काय वेडी म्हणून टाकी उतरवत होते? प्लग, नळी, पट्टा... सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तेव्हाच तुमच्याकडे यावं लागलं असतं," बाबा म्हणाले. "म्हातारी बिघडली असती तर गोष्ट वेगळी होती. मला वाटलं, तुला काहीतरी सापडेल."

मी जिंकले होते, आणि असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. मला एकदम म्हणावंसं वाटलं, की राहा तुम्ही इथंच. मी येईन दर रविवारी, मागे धरून चालेन, कंबर गेली खड्ड्यात. मी म्हणणारही होते. पण त्यांनी हात पुढे केला. उतरायला. कधी नव्हे तो, आपणहून.

मी तो धरला. त्यांनी सगळा भार माझ्या हातावर टाकला आणि खाली उतरले. लाँड्रीत मी दिवसभर याहून जड गाठोडी उचलते.

बाबांनी म्हातारीवर ताडपत्री ओढली, चारही कोपरे नीट खोचले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"पुढच्या रविवारी येताना रिकामी खोकी आण," ते म्हणाले. "आणि तुमच्या त्या लिफ्टवाल्याचा नंबर असेल तर विचारून ठेव. झटका कशानं बसतो ते मी सांगतो त्याला. उघडायची त्यानं. आणि आधी बसायचंही त्यानंच."