मोज्याचा आवाज

“आणखी एक, तेत्सु! शेवटचा!”

वाकुईचा आवाज. त्रेचाळीस वर्षं झाली त्याला. वाकुईचा शेवटचा चेंडू कधीच शेवटचा नसायचा. सूर्य डोंगराआड उतरायचा, चेंडू आधी राखाडी व्हायचा, मग दिसेनासाच व्हायचा, तरी पलीकडून हाक यायची आणि मी पुन्हा गुडघे मोडून बसायचो. तो पिचर, मी कॅचर. त्यानं टाकायचं, मी झेलायचं. अठराव्या वर्षी माझं जग एवढंच होतं, साठ फूट लांबीचं.

आता मी एकसष्ट वर्षांचा आहे. एका व्यावसायिक बेसबॉल संघासाठी शाळांमधली पोरं पारखतो. आओमोरी आणि अकिता, उत्तरेकडचे हे दोन प्रांत माझ्याकडे. ऑक्टोबरात एका दिवशी बारा संघ एका दालनात बसतात आणि फेरीफेरीनं एकेका पोराचं नाव पुकारतात. ज्याचं नाव पुकारलं तो खेळाडू, ज्याचं राहिलं तो कोणाचा तरी भाचा, कोणाच्या तरी दुकानातला नोकर. तीस वर्षांत माझ्या शब्दावर आमच्या संघानं एकोणीस पोरं घेतली. मोठ्या मैदानावर टिकलं असं एकही नाही. येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतो.

म्हणून हागा.

हागा मिनातो, डावखुरा, हामासावा नावाच्या खाडीकाठच्या गावातल्या शाळेचा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, वाऱ्यावर हलणाऱ्या वेतासारखा. खाली शिंपल्यांच्या शेडमध्ये बायका सुऱ्या चालवत गात होत्या, आणि गाणं चढावरून मैदानापर्यंत येत होतं:

खाडीच्या गं पाण्या, तुला किती घालू साद
गेला तो पल्याड, त्याच्या होडीचा दे नाद

त्या गाण्याच्या चालीवर त्यानं हात मागे नेला आणि सोडला. कॅचरच्या कातडी हातमोज्यात चेंडू पडला आणि माझ्या छातीत काहीतरी हललं. असा हात मी फक्त एकदा पाहिला होता.

तीन वर्षं मी त्याच्यामागे होतो. नऊ तासांची गाडी, थंड भाताचे गोळे, कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभं राहणं. आणि तीन वर्षांत एक शब्द बोललो नाही. नियमच तसा आहे. शाळेतल्या खेळाडूशी आमच्यासारख्यांनी बोलायचं नाही. जे विचारायचं ते त्याच्या प्रशिक्षकाला. मी दिसलो की तो टोपी काढून वाकायचा, मी मान हलवायचो. लेकीच्या सासरी दाराबाहेरूनच परत फिरणाऱ्या बापासारखं माझं झालं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी त्यानं व्यावसायिक खेळाडू व्हायचा अर्ज दिला, आणि आम्हाला शेवटचं पाहून घ्यायला बोलावलं. अकरा पारखी आले. माझ्यासोबत आमचे प्रमुख होंजो, वय बेचाळीस, बुटांवर धुळीचा कण नाही.

“काय कुझुमीसान,” जाळीपाशी कोगुरे मला कोपरानं ढोसत म्हणाला. तो दुसऱ्या संघाचा, पोट सुटलेला, जीभ त्याहून सुटलेली. “तुमची नवरी आज नटलीय. कधी उचलताय?”

“तू वरातीत नाच. तेवढंच जमेल तुला.”

“नाचतो की! पण तुमच्या होंजोसाहेबांनी दोन नंबरच्या फेरीला घेतला नाही, तर तीनला आम्ही पळवून नेणार.”

“होंजोसाहेब ऐकताहेत, कोगुरे,” होंजो मागं न बघता म्हणाले. आजूबाजूचे हसले.

प्रशिक्षक इवाबुची हातातली टोपी चोळत आला. हाही कधीकाळी शाळेतला खेळाडू होता. मीच त्याच्या नावापुढे फुली मारली होती.

“मला नापास केलंत,” तो मला म्हणाला, “निदान माझ्या पोराला तरी पास करा.”

हागानं टाकायला सुरुवात केली. वेग मोजायची यंत्रं वर गेली. ताशी एकशे सत्तेचाळीस किलोमीटर. एकशे अठ्ठेचाळीस. झेलणारा फुनाकी, गोल चेहऱ्याचा, बसका पोरगा. त्याचा मोजा बंदुकीसारखा वाजत होता. “मस्त! काय चेंडू आहे!” प्रत्येक चेंडूला तो ओरडत होता. माझ्या शेजारची माणसं भराभर वहीत लिहीत होती.

मी लिहीत नव्हतो. मी ऐकत होतो.

चेंडू झेलायचे दोन प्रकार असतात. बोटांमधल्या जाळीत घेतला तर हाताला काही होत नाही, पण आवाज फुसका. पहिल्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या हाडावर घेतला, तर तो असा कडाडतो की पिचरची छाती रुंद होते. प्रत्येक कॅचर अधूनमधून तसं करतो. ती आमची माया असते, पिचरच्या मनाला घातलेला वारा. पण मरगळलेला चेंडूही त्या हाडावर घेतला तर तो जिवंत वाटतो. जाळीमागच्या माणसाला काही कळत नाही. यंत्राला तर नाहीच; ते वेग मोजतं, शेवटच्या हातभर अंतरात चेंडूतला जीव गेला की राहिला, ते नाही मोजत.

मागच्या वर्षी हा फुनाकी जाळीत झेलायचा. आज प्रत्येक चेंडू तो हाडावर घेत होता. आणि वळणारा चेंडू आला की गुडघ्यांवर पुढे सरकत होता, चेंडू खाली बसायच्या आत उचलत होता, आणि आणखी मोठ्यानं ओरडत होता.

हागाच्या कोपराकडे बघायची मला गरजच उरली नाही.

पाहणं संपलं. इतर पारखी वाकून, कार्डं देऊन निघाले. इवाबुचीनं आम्हा दोघांना मैदानालगतच्या खोलीत बसवलं. थंड जवाचा चहा ठेवला. होंजोंनी आमचा मूल्यांकनाचा कागद माझ्यापुढे सरकवला. वेग, अचूकता, अंगकाठी, स्वभाव, सगळे रकाने मी उन्हाळ्यातच भरले होते. शेवटचा रिकामा होता. दुखापत.

“लिहा, कुझुमीसान. संध्याकाळी मालकांना फोन करायचाय. दोन नंबरला घेऊ म्हणतो.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तुमचा हा शेवटचा. चांगला निघाला.”

पेन्सिल माझ्या हातात होती. ‘नाही’ लिहायला दोन अक्षरं लागतात. तेवढ्यानं मार्चमध्ये मी ताठ मानेनं घरी गेलो असतो. पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवर तो दिसला असता, आणि बायकोला म्हणालो असतो, हा माझा. किती वर्षं हे वाक्य तोंडात घोळवत होतो मी.

“इवाबुची,” मी म्हणालो, “तुमच्या कॅचरचा मोजा बघू का जरा?”

“मोजा?” तो गोंधळला. “फुनाकी! मोजा आण रे!”

फुनाकी आला, वाकला, दोन्ही हातांनी मोजा पुढे केला. मी मोजा घेतला, पण बघितला त्याचा डावा हात. पहिलं बोट मुळाशी कारल्यासारखं सुजलेलं, जांभळं. त्यानं ते चटकन मुठीत लपवलं.

मी माझा डावा हात टेबलावर ठेवला. माझंही पहिलं बोट मुळाशी वाकडं आहे. मुलांनी, सुनेनं, सगळ्यांनी विचारून झालं. दारात बोट सापडलं, असं सांगत आलो.

पोराशी बोलायला मला बंदी होती. म्हणून मी इवाबुचीकडे तोंड केलं.

“इवाबुची, तुम्हाला एक गोष्ट सांगतो. मी कॅचर होतो तेव्हा आमचा एक पिचर होता, वाकुई, डावखुराच. शेवटच्या उन्हाळ्यात त्याचं कोपर गेलं. मला पहिल्या दिवशी कळलं. झेलणाऱ्याला कळतंच. चेंडू शेवटी मान टाकायचा. तो मला म्हणाला, कोणाला सांगू नकोस, तेत्सु, निवड होईपर्यंत. मी सांगितलं नाही. उलट वाजवला. दोन महिने प्रत्येक चेंडू हाडावर घेऊन असा वाजवला की जाळीमागची मोठी माणसं माना डोलवायची.”

होंजोंचा चहाचा पेला अर्ध्यावर थांबला.

“पाचव्या फेरीत घेतलं त्याला. गावानं पताका लावल्या. पुढच्या वसंतात शिबिराच्या नवव्या दिवशी त्याचा हात वर उचलेना. दोनदा चिरफाड झाली. आता वडिलांच्या टोफूच्या दुकानात असतो. डाव्या हातानं कढई उचलवत नाही. दर नववर्षाला मला पत्र टाकतो. तुझ्याइतका चांगला कॅचर पुन्हा मिळाला नाही, असं लिहितो. मी उत्तर देतो, तब्येत सांभाळ. सहा महिने थांबला असता, हात बांधून बसला असता, तर कदाचित अजून टाकत असता. कारखान्याच्या संघात, विद्यापीठात, कुठंही. मी त्याला थांबवायला हवं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. वाकुईलाही नाही.”

इवाबुचीनं सावकाश फुनाकीच्या मुठीकडे बघितलं.

“फुनाकी,” तो म्हणाला, “हात उघड.”

फुनाकीनं मूठ आणखी आवळली. त्याच्या गोल चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले. मला ते ओठ ओळखीचे होते. ते कोणी उचकटू शकत नाही. मारलं तरी नाही.

“उघड म्हणतोय ना मी! काय लपवताय रे तुम्ही दोघं? मला, तुमच्या सराला?”

“बोट सापडलं, सर,” फुनाकी पुटपुटला. “दारात.”

होंजोंनी कागद माझ्यापुढून अलगद ओढून घेतला. राग नव्हता त्यात. त्यांनी फक्त तो उलटा करून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माझा एकोणिसाव्यानंतरचा विसावा पोरगा त्या पांढऱ्या पाठीखाली होता. मला वाटलं उठावं, कागद सुलटा करावा, म्हणावं की म्हाताऱ्याची बडबड होती, साहेब, विसरा. इतका हवा होता मला तो. अजूनही हवा होता.

तेवढ्यात सरकतं दार हललं. पाहुण्यांचा निरोप घ्यायला हागा आला होता, टोपी हातात, बूट बाहेर काढलेले. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत आला, फुनाकीच्या शेजारी उभा राहिला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. त्यालाही नियम ठाऊक होता. त्यानं फुनाकीची आवळलेली मूठ आपल्या डाव्या हातात घेतली. हात उचलताना त्याचं कोपर किंचित थरथरलं, ते मी पाहिलं.

“सर,” तो इवाबुचीला म्हणाला. आवाज जाडसर होता, किनाऱ्यावरच्या माणसांचा. “दारात नाही सापडलं त्याचं बोट. माझं कोपर जूनपासून दुखतंय. वाजव म्हणून मीच सांगितलं होतं त्याला.”