पुढच्या डिफरन्शियलमधलं पाणी

जनावरांच्या डॉक्टरीणबाई जन्मजात संशयी नव्हत्या. त्यांना तसं धंद्याने केलं होतं. जनावर बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही, अशा दोघांच्या मधे उभं राहून ज्याला निदान करायचं असतं, त्याने कुणाच्या शब्दावर विसंबून चालत नाही. "कालपर्यंत धडधाकट होती हो," असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्याची म्हैस आठवडाभर उपाशी असते, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

म्हणूनच अंगणात त्यांच्या छोट्या फोर-व्हील गाडीखाली तेलाचा डाग दिसला, तेव्हा पहिला संशय मिस्त्रीवर गेला. डाग पुढच्या दोन चाकांच्या मधोमध होता. त्यांनी बोट बुडवून वास घेतला. कुजकट, गंधकासारखा. म्हणजे इंजिनाचं तेल नव्हे, पुढच्या डिफरन्शियलचं. पुढच्या चाकांना जोर वाटून देणारा दातेरी चक्रांचा तो लोखंडी गोळा याच मिस्त्रीने मागे उघडला होता, तेल अडवणारं त्याचं रबरी सील बदललं होतं आणि "आता बघायला नको" असं वर सांगितलंही होतं.

त्या तडक गॅरेजवर गेल्या.

"मिस्त्री, नवं सील म्हणून जुनंच पुसून बसवलंत की काय?"

मिस्त्री हात पुसत आला. माणूस ठेंगणा, बोलायला तिखट. "डॉक्टरबाई, तुमच्या इंजेक्शनात मी कधी पाणी आहे का विचारलं?"

"मी समोर उभी राहून बघणार आहे."

"बघा की. तिकीट नाही."

त्याने गाडी जॅकवर उचलून लोखंडी टेकूच्या घोड्यांवर टेकवली आणि खाली सरकला. बाईंनी साडीचा पदर खोचला आणि जवळच गोणपाट टाकून त्या वाकून बसल्या. मिस्त्रीने आधी गोळा रॉकेलने धुऊन लख्ख केला, कारण तेल वाऱ्याने मागे पसरतं आणि गळतं एकीकडे, दिसतं भलतीकडे. मग त्याने इंजिनाकडून येणारा फिरता दांडा सोडवला आणि जिथे तो गोळ्यात शिरतो, तिथलं टोक धरून हलवून पाहिलं. ढिलं नव्हतं. "बेरिंग ठीक आहे. गळतंय मात्र सीलातूनच."

"म्हणजे मी म्हणाले तेच."

"थांबा. तेल सोडतो."

त्याने खालचा बोल्ट काढला. घमेल्यात काळं तेल पडायला हवं होतं. पडलं ते राखाडी, पांढुरकं, दुधात शाई कालवावी तसं. मिस्त्री जागच्या जागी थांबला. मग गाडीखालून मान वळवून त्याने बाईंकडे पाहिलं, आणि आता संशय त्याच्या डोळ्यांत होता.

"बाई, गाडी पाण्यात घातलीत?"

"मी? पूल असताना कशाला घालू?"

"डिफरन्शियलमधे पाणी आहे. आकाशातून पडलं नाही ते."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. चूक लपवायला यानेच तर पाणी ओतलं नसेल? पण त्या समोर बसल्या होत्या, बोल्ट त्यांच्या देखत सुटला होता. त्यांनी तेल चिमटीत चोळून पाहिलं. आत बारीक वाळू लागली.

मिस्त्रीने गोळ्याच्या वरच्या अंगाला हात घातला. तिथे ब्रीदर असतो, आतली हवा तापून फुगली की तिला बाहेर जायला एक छोटीशी नळी. ती मातीने गच्च बुजली होती. मिस्त्री म्हणाला, "हे मात्र मागच्या वेळी मी बघायला हवं होतं. नळी बंद असली की आतली हवा तेलाला सीलातून बाहेर ढकलते. आणि चालून तापलेला गोळा एकदम गार पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि त्याच सीलातून पाणी ओढून घेते. पण पाण्यात गेल्याशिवाय हे होत नाही. एकदा नाही, बऱ्याचदा गेलीय."

त्याने तारेने नळी टोकरली. मातीचा खडा तळहातावर पडला, त्यात हिरव्या शेवाळाचा धागा होता आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक शंख. मिस्त्री तो झटकणार, तोच बाईंनी हात पुढे केला.

"इकडे द्या."

ती गोगलगाय त्यांच्या ओळखीची होती. जनावरांच्या यकृतात शिरणाऱ्या जंतांचं बिऱ्हाड याच गोगलगायीत असतं. ती संथ पाण्यात, शेवाळात राहते, आणि या नदीवर तसं पाणी एकाच ठिकाणी होतं: पुलाच्या खालच्या अंगाला, पूल होण्याआधी गाड्या नदी ओलांडत त्या जुन्या उतारावर. तिथे गुरं पाजू नका, असं त्यांनीच घरोघर सांगितलं होतं. उताराच्या पलीकडे घर एकच. त्यांच्या मोठ्या दिरांचं.

बाईंनी शंख रुमालात बांधला. मिस्त्री परत कामाला लागला.

नट कुठवर आवळला होता त्याची खूण करून त्याने दांडा जोडायची चकती, म्हणजे फ्लँज, ओढून काढली. सीलाची रबरी कड जिथे घासते, तिथे लोखंडात नखाला लागेल अशी खाच पडली होती. ती त्याने पॉलिश पेपरने गुळगुळीत केली आणि नवं सील पाइपाच्या तुकड्याने ठोकताना किंचित कमी आत बसवलं, म्हणजे कड खाचेत न पडता कोऱ्या जागेवर टेकेल. नट खुणेपर्यंत आवळला. पातळ तेल घालून आतला भाग दोनदा धुतला, आणि घोड्या काढून गाडी सपाटीवर घेऊन नवं तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं. ब्रीदरला त्याने लांब रबरी नळी जोडून ती वर इंजिनापाशी नेऊन बांधली. बाई बघत होत्या, पण त्यांचं मन गॅरेजात नव्हतं.

दुपारी गाडी छापखान्यात असायची. यजमानांचा छोटा छापखाना होता. कागदाचे गठ्ठे आणायला नि माल पोचवायला ते गाडी नेत. पुलाचा रस्ता बाईंच्या दवाखान्याच्या दारावरून जातो. म्हणजे हा माणूस आपल्याला दिसू नये म्हणून नदीत गाडी घालत होता.

आणि का? तीनेक वर्षांपूर्वी दिरांच्या गोठ्यात साथीचा रोग निघाला. रक्त बाईंनी तपासलं, सही बाईंनी केली आणि सगळा गोठा मारून पुरावा लागला. त्या दिवसापासून दिरांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता दोघे भाऊ पाठीमागे काय शिजवत होते? वाटणी? की बाहेरून गुपचूप, न तपासलेली जनावरं?

संध्याकाळी त्यांनी रुमाल सोडून शंख यजमानांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"गाडीच्या पोटातून निघालं. गाडीला पोहायला शिकवताय का तुम्ही?"

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोटं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी घेतला, पण बोलले खरं.

"दादा पडला होता गोठ्यात. मांडीचं हाड मोडलं. वहिनी एकट्या. मी जाऊन शेण काढतो, चारा टाकतो."

"गोठा तर रिकामा आहे. शेण कुणाचं काढता?"

यजमानांनी चष्मा पुन्हा काढला.

"अहो, मी विचारतेय."

"एक गाय आहे. घेतली त्याने."

"तपासली?"

"अगं, कोण तपासणार? या भागात डॉक्टर एकच आहे. दादा म्हणाला, ती आली की जनावर मरतं."

बाईंना हे लागलं. त्या उठून खिडकीपाशी गेल्या. "मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला अडवलं असतं?"

"तू गायीचं विचारलं असतंस."

विचारलंच असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुलावरून गेली. दीर कुबडीवर दारात उभे होते. त्यांनी भावाकडे फितुराकडे बघावं तसं पाहिलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"भाऊजी, रक्त घ्यावं लागेल."

"आणि मग?"

"मग जे असेल ते. खोटं सांगणार नाही. मागेही सांगितलं नव्हतं."

दीर हलले नाहीत. आतून जाऊबाई आल्या, नवऱ्याला वळसा घालून गोठ्यात गेल्या आणि त्यांनी गायीची मान धरली. "या," एवढंच म्हणाल्या. दीर मागोमाग खुरडत आले. "सुई नवी आहे?" बाईंनी बंद पाकीट त्यांच्या समोर धरलं, मग फोडलं. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. रक्त काढून होईपर्यंत त्यांची नजर बाईंच्या बोटांवरून हटली नाही. निघताना कुणी बसा म्हणालं नाही.

निकाल यायचा होता तेवढे दिवस बाईंना झोप लागेना. दुसरी सही करावी लागली तर हा माणूस आपल्याजवळ राहील का, हे त्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिल्या, आणि ते कळत असल्यासारखे यजमान पेपर समोर धरून बसत.

गाय निरोगी निघाली. तरीही बाईंनी निकाल तीनदा वाचला.

यजमान सांगायला एकटेच गेले, भर दुपारी, दवाखान्याच्या दारावरून. परतले तेव्हा बाई एका कालवडीचं खूर कापत होत्या.

"काय म्हणाले?"

"कागद बघितला. मग म्हणाला, तिने दुसऱ्याच गायीचं रक्त पाठवलं नसेल कशावरून?"

बाईंना हसू आलं. अगदी आपल्यासारखाच आहे हा माणूस, असं त्यांच्या मनात आलं. "मग?"

"वहिनी ओरडल्या त्याच्यावर. मग जरा वेळाने त्यानेच विचारलं, परत तपासावं लागतं का म्हणून."

"लागतं. सहा महिन्यांनी."

"मी सांगितलं तसं. म्हणाला, सकाळी यायला सांग. दुपारी गाय चरायला असते."

बाईंनी खूर खाली सोडलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि दुसरा पाय धरायला वाकल्या.