साधी गाठ

"अवो, मोसंबीएवढी गाठ ह्या भोकांतून कशी निघंल?" सिंधुनं पांघरूण जरा सारून पोटावरच्या चिकटपट्ट्या नवऱ्याला दाखवल्या. पट्ट्यांखाली बोटाचं टोक मावेल एवढ्याच जखमा होत्या.

"दुर्बिणीचं ऑपरेशन आसंच आसतंय. लिव्हरात साधी गाठ व्हती, निघाली. रिपोर्टबी आलाय," शेषेराव म्हणाला.

'साधी गाठ' ऐकलं आणि सिंधुनं पांघरूण परत ओढून घेतलं. सासूच्या वेळी तिनं स्वतःच हे शब्द वापरले होते. दानम्माचं पोट डॉक्टरांनी उघडलं, कॅन्सर सगळीकडे पसरलेला पाहिला आणि तसंच शिवून टाकलं. "आत्याबाई, साधी गाठ व्हती, निघाली," असं सिंधुनं हसतमुखानं सांगितलं होतं. घरोघरी असंच सांगतात. मग आता आपल्याला कोण खरं सांगणार? गावी मुरुडला जाऊन कांदा लावायचा, की घाईनं पोरीचं लग्न उरकून घ्यायचं, एवढं तरी कळायला नको?

राउंडला आलेल्या डॉक्टर विनीताबाईंचा तिनं हातच धरला.

"बाई, गाठ दावा. न्हाई तर मी लातूरहून हालत न्हाई."

डॉक्टर हसल्या. गाठ तपासणीला गेली ती तिथंच राहिली होती, पण ऑपरेशनचं चित्रीकरण होतं. त्यांनी मोबाईल तिच्यापुढे धरला. आधी पोट दिसलं. बेंबीशेजारी काळे डाग होते, लहानपणी पोट दुखायचं म्हणून आईनं बिब्ब्यानं दिलेले. पोट तिचंच होतं, वादच नको. मग आतलं लालभडक, ओलं लिव्हर आलं.

"आगं बया! हे कशामुळं हालायलंय?"

"तुमच्या श्वासाबरोबर हलतंय."

सिंधु डोळे फाडून पाहत राहिली. शेषेरावानं मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. गाठ हळूहळू सुटली, पिशवीत गेली आणि ओटीपोटावरच्या, तिनं अजून न पाहिलेल्या जरा मोठ्या छेदातून बाहेर आली.

"आता पटलं? रिपोर्टही चांगला आहे, कॅन्सर नाही तुम्हाला."

"पटलं की!" सिंधुला हसू फुटलं, रडूही आलं. डॉक्टर गेल्या, शेषेराव हुश्श करत चहा आणायला गेला.

ती पडल्या पडल्या विचार करत राहिली. एका गाठीसाठी आपण सगळ्यांना किती पिडलं! दानम्मानं मात्र गाठ दाखव असं कधीच म्हटलं नव्हतं. केवढी होती, कशी काढली, काहीच विचारलं नव्हतं. सुनेच्या तोंडाकडे नीट बघून ती एवढंच म्हणाली होती, "बरं झालं बाई. आता तू दोन घास खाऊन घे."