छप्पन पाळ्या

टेबलावरचा फोन आपोआप चालत होता. कुठेही दाब, कुठेही सरकव, मागे ये. मिनिटाला शेकडो वेळा. असा बेफाम मारा करून ॲप कुठे मोडतं ते पाहणं, हेच रचनाचं बालाघाटच्या त्या छोट्या कंपनीतलं काम. हे ॲप शेतकऱ्यांच्या एका सहकारी सोसायटीचं, धान विक्रीची पाळी लावायचं. त्यातलं 'सर्व रद्द' हे बटण एका स्पर्शात चालतं, पुन्हा विचारत नाही, हे तिनं दोनदा लिहून दिलं होतं. मालक अपूर्व दोन्ही वेळा हसला होता. "असं आंधळं कोण दाबतं? तुमच्या खेड्यात दाबत असतील."

अकराच्या सुमारास रामपायलीचे शेतकरी डोमाजी दारात येऊन उभे राहिले. भरलेला ट्रॅक्टर खरेदी केंद्रावर उभा, आणि मोबाइलवर निरोप, पाळी रद्द. रचनानं यादी उघडली. छप्पन जणांच्या पाळ्या गेल्या होत्या. तिनं टेबलावरचा फोन थांबवला. चाचणीला खोटी यादी असते. आज फोन खऱ्या यादीला जोडलेला होता, आणि माऱ्यात 'सर्व रद्द' दाबलं गेलं होतं. जोडणाऱ्याचं नाव नोंदीत होतं, अपूर्व, सकाळी नऊ चाळीस.

"सर, यादी तुम्ही बदलली?"

"सोसायटीवाल्यांना दाखवायचं होतं. चालू करण्याआधी तू बघायला नको?"

"अन् मले सांगाले नको?"

"आवाज खाली. सोसायटीला लिही, टेस्टरची चूक झाली. माफी माग, विषय संपव."

बघायला हवं होतं, हे तिलाही टोचत होतं. तिनं तसंच लिहिलं: न तपासता चाचणी सुरू केली, ही माझी चूक. यादी अपूर्व सरांनी बदलली. बटणाबद्दल दोनदा कळवलं होतं, दोन्ही अहवाल सोबत. तो पाठीमागे उभा राहून वाचत होता. तिनं पाठवून दिलं.

"उद्यापासून येऊ नको. या गावात तुला कोण ठेवतं, बघतोच."

"बघा."

डोमाजी सगळं ऐकत होते. ते आपल्या बाजूनं एखादा शब्द बोलतील, असं तिला वाटलं. ते म्हणाले, "तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा, बाई. माह्यं धान आज कोणी घेनार हाये का, तेवढं सांगा."

चारपर्यंत सोसायटीनं जुन्या यादीवरून पंचावन्न पाळ्या परत लावल्या. डोमाजींची आजची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. त्यांना पाच दिवसांनंतरची मिळाली. ते सांगायला रचनानं स्वतः फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.